कुंकुम, केशर आणि गालाच्या लालीचा भाव

आश्विन शुद्ध प्रतिपदेला घट बसले की आमच्या पंढरीत लाल रंगाला भरती येते. प्रदक्षिणेच्या वाटेवरील दुकानांत कुंकवाच्या राशी निमुळत्या शिखरांसारख्या रचलेल्या असतात. रुक्मिणीमातेला रोज निराळा पोशाख चढतो, आणि दर्शनाहून परतणाऱ्या मायबहिणींच्या कपाळी मळवट भरलेले दिसतात. अशा दिवसांत कीर्तनकाराने आदिमायेचे गुणगान करावे, महिषासुराचे आख्यान लावावे, हे रीतीला धरून आहे. आज मात्र मी वाचकांपुढे बाजारातील एका डबीचा हिशोब मांडणार आहे. डबी गालाला लावायच्या लालीची आहे. नव्या मुली तिला क्रीम ब्लश म्हणतात. नवरात्राच्या पानावर हा विषय कोठून आला, असे कोणी विचारील. तो कोठून आला हे पुढे कळेलच.

माझी नात पुण्यास नोकरी करते. गेल्या आषाढात ती घरी आली तेव्हा तिने दूरध्वनीच्या पडद्यावर मला एक चित्र दाखविले. काळीभोर, गुळगुळीत, दोन बोटांत मावणारी डबी, झाकणावर पॅरिसच्या एका नामांकित पेढीचे नाव. वजन ५ ग्रॅम, किंमत ४,२०० रुपये. "आजोबा, माईआजीसाठी घ्यावी असं मनात आहे. पण एवढे पैसे द्यावेत का, ते तुम्ही सांगा. तुम्ही सगळ्याचा अर्थ सांगता, याचाही सांगा."

माई म्हणजे माझी धाकटी बहीण. १९९८ साली, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तिचे यजमान गेले. तेव्हापासून ती आमच्याच घरी असते. त्या वेळी वडीलधाऱ्या बायकांनी तिचे कपाळ पुसले आणि तिची फणेरपेटी उचलून माळ्यावर टाकली. मी थोरला भाऊ, वर शास्त्री म्हणवून घेणारा. ओसरीवर उभा राहून मी हे सारे पाहिले आणि गप्प बसलो. पोथ्यांत विधवाधर्म म्हणून काय लिहिले आहे ते मला ठाऊक होते, आणि त्याच पोथ्यांतील कितीतरी गोष्टी आपण सोयीने कशा बाजूस ठेवतो हेही ठाऊक होते. तरीही तोंडातून शब्द निघाला नाही. हे येथे सांगितले, कारण नातीने विचारलेल्या भावाच्या प्रश्नात ही बाकी आधीच धरलेली होती. मला मात्र ती फार उशिरा दिसली.

प्रथम मी हिशोबालाच बसलो. ४,२०० ला ५ ने भागले की ग्रॅमला ८४० रुपये होतात, म्हणजे तोळ्याला जवळजवळ ९,८०० रुपये. आमच्या देवघरात नैवेद्याच्या दुधासाठी केशर लागते. तेही मी गेल्या खेपेस ग्रॅमला ४०० रुपयांनी आणले होते आणि महाग म्हणून दुकानदाराशी हुज्जत घातली होती. ही लाली केशराच्या दुपटीहून महाग!

केशराचे नाव निघाले की संस्कृत शिकणाऱ्याच्या मनात अमरकोश उघडतो. संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. अमरसिंहाने त्याला काश्मीरजन्म, अग्निशिख, बाह्लीक अशी नावे दिली असून त्यांत एक पिशुन असेही आहे. पिशुन म्हणजे चहाडखोर. लपवून ठेवले तरी वासाने आपला ठावठिकाणा सांगून टाकते, असा त्याचा अर्थ रसिक सांगतात. काव्यांतील नायिका जे कुंकुम अंगाला लावतात ते हेच. आपल्या मायभगिनी कपाळी लावतात ते कुंकू मात्र हळदीचे. हळकुंडांना लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटी यांचे पूट द्यावे, ती वाळवावीत, कुटावीत, वस्त्रगाळ करावीत, की पिवळ्याचे लाल होते. आमच्या सोलापूर जिल्ह्यातील करमाळा तालुक्यात केम म्हणून गाव आहे, त्याची ख्याती या कुंकवासाठीच. आता गंमत पाहा. दूर उत्तरेतील महाग वस्तूचे नाव परसातल्या हळदीने घेतले, आणि घरोघरच्या बायकांनी ते तिला बिनदिक्कत बहाल केले. देवीनेही कधी विचारले नाही की हे काश्मीरचे आहे काय! आपल्या घरातील सर्वांत मंगल वस्तू ही एका उंची प्रसाधनाची स्वस्त जागेवाली आहे, हे ध्यानात आले तेव्हा मला वाटले, प्रश्न सुटला. नातीला म्हणालो, "मुली, आपल्या पूर्वजांनी याचा निवाडा कधीच केला आहे. रंग हवा असेल तर रंग घ्यावा, नावाला पैसे देऊ नयेत."

नात हुशार आहे. ती म्हणाली, "निवाडा ठीक आहे आजोबा, पण आत काय आहे ते तरी पाहाल की नाही?"

मग तिने घटकांची यादी वाचून दाखविली आणि मी अर्थ लावत गेलो. अशा याद्यांत जे द्रव्य अधिक ते आधी, असा साधारण क्रम असतो. रंगद्रव्ये बहुधा शेवटी आकड्यांनी देतात. आरंभी तेले आणि मेणे. एक मेण मधमाश्यांचे, एक ब्राझीलमधल्या ताडाच्या पानांवरचे. एरंडेलही होते. पुढे रंग. सी. आय. ७७४९१ हा भारदस्त आकडा म्हणजे लोहाचा तांबडा भस्मरंग. तुळशीवृंदावनाला आपण जो गेरू लावतो त्याचा रंग याच लोहभस्माचा. डबीतला तेवढा कारखान्यात शुद्ध केलेला. ७७८९१ हा पांढरा, टायटॅनियम धातूचा. पांढऱ्यात तांबडा मिसळला की होणाऱ्या रंगाला भरताच्या नाट्यशास्त्रात पद्मवर्ण म्हटले आहे. म्हणजे मेण, तेल आणि पद्मवर्ण, एवढाच काय तो ऐवज.

आणि तेव्हा मला आईची फणेरपेटी आठवली. आरसा, फणी, करंडा, आणि कोपऱ्यात मेणाची चिमुकली डबी. आई सकाळी आरशापुढे बसून करंगळीने मेणाचा ठिपका लावी आणि त्यावर कुंकू टेकवी, म्हणजे दिवसभर ते ओघळत नसे. मेणावर बसविलेला लाल रंग! पॅरिसच्या पेढीने तो आधीच कालवून डबीत भरला, फरक एवढाच. कालिदासाने कुमारसंभवाच्या सातव्या सर्गात पार्वतीचा विवाहशृंगार वर्णिला आहे. त्यात तिच्या अधराचा रंग मेणाच्या बोटाने खुलविला आहे, गालावर लोध्राचे चूर्ण आणि गोरोचन आहे, पावलांना अळता आहे. अळता लावणारी सखी थट्टेने आशीर्वाद देते की या पावलाने पतीच्या मस्तकीची चंद्रकोर शिवशील; त्यावर पार्वती काही न बोलता तिला हातातील माळेनेच मारते. हे आख्यान मी वर्षानुवर्षे लावीत आलो आहे आणि या ठिकाणी श्रोतृवर्ग हमखास हसतो. त्याच काव्याच्या पाचव्या सर्गात हीच पार्वती ओठांचा रंग टाकून, दर्भांनी बोटे चिरून घेत जपमाळ ओढते. सारे टाकूनही तीच, लेऊनही तीच. कीर्तनात मात्र मी नेहमी पाचव्या सर्गालाच अधिक वेळ देत आलो, हे कबूल करतो.

घटकांच्या यादीतला आणखी एक आकडा आपल्या घरांत थांबून पाहावा असा आहे. सी. आय. ७५४७०, म्हणजे कार्माइन. निवडुंगावर वाढणारे कोचिनील नावाचे कीटक वाळवून हा गडद किरमिजी रंग काढतात. पेरू देशात ही पैदास मोठी. एक पौंड रंगाला सुमारे ७० हजार कीटक लागतात, असे सांगतात. हे ऐकून माझ्या पत्नीने पदर तोंडाला लावला. पण येथे न्यायाने बोलले पाहिजे. पार्वतीच्या पावलांचा अळता लाखेचा, आणि लाख हीदेखील कीटकांचीच निर्मिती. अमरकोशात लाखेला द्रुमामय, वृक्षाचा रोग, असे नावही आहे. शिवाय ज्या मुकट्याला आपण सोवळे म्हणतो तो कोशातल्या किड्याला उकळल्यावाचून होत नाही. तेव्हा ज्याला कार्माइन नको असेल त्याने तो आकडा पाहून डबी खाली ठेवावी; पर्यायी रंग कमी किमतीच्या डब्यांतही असतात. परदेशी म्हणून नाक मुरडण्याचा अधिकार मात्र आपणांस नाही. चमक आणण्यासाठी अभ्रकाची पूड घालतात, तिचीही एक कथा आहे. झारखंडातील कोडरमा-गिरिडीहकडच्या खाणींत हे अभ्रक लहान मुले वेचत असल्याचे उघडकीस आले आहे. जास्त किंमत मोजली म्हणून यातून सुटका होतेच असे नाही. पेढीने अभ्रक कोठून आणले ते सांगितले असेल तरच कळते.

महाग ते निर्धोक, हा समजही तपासावा लागला. कुमारसंभवातच मेना कन्येच्या कपाळी ओल्या हरताळाचा आणि मनःशिळेचा तिलक रेखते. दोन्ही सोमलाची खनिजे! अठराव्या शतकात फ्रान्सच्या व्हर्सायच्या राजदरबारी उच्च कुळातील स्त्रिया गालांवर लालीचे ठळक गोल काढीत. ते लपवायचे नसत, दाखवायचे असत, कारण ती प्रतिष्ठेची खूण होती. त्या लालीत कित्येकदा हिंगूळ, म्हणजे पारा, आणि खाली शिशाचा सफेदा असे. राजदरबारची किंमत मोजूनही विषच मिळे. पुढे १८६३ साली पॅरिसमध्ये बूर्जुआ या नावाची पेढी नाटकवाल्यांसाठी रंग करू लागली आणि हा रंगभूमीवरचा रंग हळूहळू घरंदाज गालांवर आला. आज आपल्या देशात १९४० च्या कायद्याखाली प्रसाधनाच्या रंगात शिसे व सोमल यांची संयुगे वापरण्यास मनाई आहे, आणि तो नियम २०० रुपयांच्या डबीलाही तितकाच लागू आहे. खरे भय आहे ते महाग नावाच्या स्वस्त नकलेचे. आयात मालावर आणणाऱ्याचे नाव, पत्ता आणि नोंदणी क्रमांक असलेली चिठ्ठी नसेल, तर तो फुकट मिळाला तरी घेऊ नये.

मग ४,२०० रुपये जातात कशात? डबीच्या काचेत, झाकणाच्या चकाकीत, जाहिरातीतल्या सुंदरीत, मोक्याच्या दुकानाच्या भाड्यात, जकातीत. माझ्या श्रोत्यांत एक निवृत्त रसायनशास्त्राचे प्राध्यापक आहेत. त्यांनी सांगितले की इटलीत मिलान शहराजवळ इंटरकॉस नावाचा कारखाना १९७२ पासून आहे आणि तो अनेक पेढ्यांसाठी अशी प्रसाधने करून देतो. झाकणावरचे नाव आणि करणारे हात एकच असतील असे नाही. अर्थात महागात काहीच नसते, असेही त्यांनी म्हटले नाही. रंग किती बारीक दळला आहे, तो त्वचेवर सरकतो की अडकतो, यात फरक पडतो. पण तो फरक बोटाला कळतो, किमतीच्या चिठ्ठीवरून कळत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी दाखविली, ती मला सर्वांत पटली. डबीच्या तळाशी उघड्या झाकणाचे एक चित्र असते आणि त्यात १२ वगैरे आकडा. उघडल्यापासून इतक्या महिन्यांत संपवावी, असा त्याचा अर्थ. एका वेळेस बोटाच्या टोकावर २५ मिलिग्रॅम घेतले तर ५ ग्रॅमची डबी २०० वेळा पुरेल. रोज लावणारीला ती वेळेला २१ रुपयांनी पडेल. चहा-नाश्त्याचा खर्च म्हणा. पण माईसारखी कोणी सणासुदीला, वर्षात फार तर ३० वेळा लावील. तिला प्रत्येक वेळेचे १४० रुपये पडतील आणि उरलेले सारे मुदत संपून फुकट जाईल. म्हणून क्वचित लावणारीने लहान किंवा हलक्या किमतीची डबी घ्यावी, हे कोणत्याही शास्त्रात बसणारे उत्तर.

हे उत्तर मी मोठ्या समाधानाने नातीला ओसरीवर ऐकवीत होतो. आत माई शेंगा फोडीत बसली होती. ती तेथूनच म्हणाली, "दादा, तुझं ते रेशमी उपरणं कितीचं रे?"

मी म्हणालो, "नऊ हजारांचं. उत्सवाच्या कीर्तनासाठी घेतलं."

"किती वेळा पांघरलंस?"

आठवून सांगितले, "अकरा वेळा."

"म्हणजे एका वेळेला आठशेच्या वर झाले," माई म्हणाली. "त्याचा हिशोब नाही मांडलास तो. मला काय, तुमची डबी नको आणि तुमची भांडणंही नकोत. पण माझ्या गालाचा हिशोब बरा सापडला तुला."

नात हसली नाही. मीही हसू शकलो नाही. अठ्ठावीस वर्षांहून अधिक काळ ज्या चेहऱ्याला रंगाचे बोट लागले नव्हते त्याच्या रंगाचे मिलिग्रॅम मी मोजीत बसलो होतो. २०२२ च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड गावच्या ग्रामसभेने विधवांचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला. पुढे राज्य शासनानेही इतर गावांना तसे आवाहन केले. ती बातमी मी कीर्तनाच्या पूर्वरंगात घालून टाळ्या घेतल्या होत्या. घरातल्या माळ्यावरची फणेरपेटी मात्र जागची हलली नव्हती.

त्या संध्याकाळी शिडी लावून ती मीच उतरविली. आरशाचा पारा उडाला होता. करंड्यात कुंकवाचा घट्ट खडा झाला होता आणि मेण काळे पडून भेगाळले होते. माईने पेटी पुसून घेतली, आतले मेण काढून टाकले, करंडा घासला. बोलली काही नाही.

श्रावणात आम्ही तिघे पुण्यास गेलो. नातीचा आग्रह होता की वस्तू माईआजीच्या हातावर लावून पाहिल्यावाचून घ्यायची नाही, आणि तो योग्यच होता. ही समज मला तेथे आली ती मायबहिणींच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो. दुकानातल्या पिवळ्या दिव्यात पाहू नये, दारात येऊन उन्हात पाहावे. अनेकांची बोटे लागलेली नमुन्याची डबी गालाला लावू नये, मनगटावर लावावी. वय झालेल्या, कोरड्या त्वचेवर भुकटीची लाली सुरकुत्यांत साचते, तेथे मेणातेलाची बरी. आणि सावळ्या अंगकांतीवर फिकट गुलाबी रंग राखेसारखा दिसतो, कारण त्यात पांढरा अधिक. तिला विटकरी, डाळिंबी, जांभळट असे गडद रंग खुलतात. माई सावळी आहे. पॅरिसच्या डबीतील नातीच्या पसंतीचा गुलाबी रंग तिच्या मनगटावर बुक्का सांडल्यासारखा दिसला. त्याच पेढीचा गडद रंग छान होता, सरकतही लोण्यासारखा होता, हे मान्य केले पाहिजे. शेजारी दुसऱ्या मनगटावर एका देशी पेढीची ६ ग्रॅमची, ६५० रुपयांची डाळिंबी लाली लावली. तिच्या यादीत कार्माइन नव्हते. दारात उभे राहून आम्ही दोन्ही मनगटे पाहिली. नातीला पहिले आवडले, मला फरक कळेना. माईने दोन्ही हात नाकाशी नेले आणि म्हणाली, "हिला वास आहे. देवळात फुलांचा वास यावा, माझा नको." तिने बिनवासाची, ६५० ची उचलली.

नातीची थोडी निराशा झाली. पहिल्या पगारवाढीचे काही मोठे करावे, अशी तिची हौस होती. तिला मी म्हणालो, "तुझी हौस वाया गेली नाही, शिडी तुझ्यामुळेच चढलो."

यंदा ललितापंचमीस आमच्या घरी कुंकुमार्चन झाले. माईने सकाळी खिडकीशी बसून अनामिकेच्या टोकावर लाली घेतली, दोन्ही गालांवर टिपली आणि इतकी विरघळवली की रंग लावला आहे हे सांगावे लागावे. शेजारच्या काकूंनी हळदीकुंकवाला येताच तिच्या कपाळाला हात लावून पाहिला, "माई, कणकण आहे की काय? गाल तापलेले दिसतात." माझी पत्नी हसू लागली. मग तिने कुंकवाचे ताट माईपुढेही धरले. माईने क्षणभर ताटाकडे पाहिले, आणि बोट बुडवून आधी देवीच्या टाकाला लावले. आपल्या कपाळाला लावले नाही. पत्नीने ताट मागे घेतले नाही, तसेच तिच्यापुढे ठेवून ती इतरांची ओटी भरण्यास गेली.

लालीची डबी आता फणेरपेटीत, मेणाच्या जागी असते. तळावरच्या चित्रात १२ चा आकडा आहे, तेव्हा पुढील आश्विनाच्या आत ती संपवावी लागेल.